नूर वारझाझात: संध्याकाळच्या विजेचे पैसे कोणी भरायचे?

माणदेशी

मोरोक्कोतल्या नूर वारझाझात या सौर प्रकल्पाबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. पहिला व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या व्हिडिओंचा: वाळवंटात आरसेच आरसे, अर्धा युरोप उजळणार वगैरे. दुसरा हल्लीचा: अब्जावधी डॉलर ओतले, आता मिठाची टाकी गळतेय, त्यापेक्षा साधी पॅनेलं लावायची होती. मी आखातात सौर प्रकल्पांच्या निविदांचे हिशेब बघतो, त्यामुळे या प्रकल्पाचे आकडे सतत नजरेखालून जातात. या दोन्ही सुरांत मुख्य मुद्दा निसटतो असं मला वाटतं, म्हणून हा धागा.

आधी पार्श्वभूमी. मोरोक्कोला २००९ च्या आसपास लागणारी जवळपास ९५ टक्के ऊर्जा बाहेरून येत होती. तेल, कोळसा, वायू, आणि वर जिब्राल्टरच्या समुद्राखालून स्पेनची वीज. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या सरकारने सौर आराखडा जाहीर केला: २०२० पर्यंत २००० मेगावॅट, पाच ठिकाणी. त्यासाठी २०१० साली 'मासेन' ही सरकारी संस्था काढली. पहिली जागा निवडली वारझाझातची. उंच ॲटलास पर्वताच्या दक्षिणेचं कोरडं पठार, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, आणि वर्षाला चौरस मीटरमागे अडीच हजार युनिटच्या आसपास थेट ऊन. चित्रपटांचे स्टुडिओ आणि पर्यटन सोडलं तर त्या भागात रोजगार फारसा नव्हता.

प्रकल्पाचे चार टप्पे आहेत. पहिल्या तिन्हींत आरसे ऊन एकवटतात, त्या उष्णतेवर वाफ करून टर्बाइन फिरवतात, आणि जादा उष्णता वितळलेल्या मिठाच्या टाक्यांत साठवून अंधार पडल्यावर वापरतात. नूर १ म्हणजे १६० मेगावॅट, पन्हाळीसारखे वाकवलेले आरसे, ३ तासांची साठवण. फेब्रुवारी २०१६ मध्ये उद्घाटन झालं. नूर २ त्याच पद्धतीचा, २०० मेगावॅट आणि साधारण ७ तासांची साठवण. नूर ३ मध्ये सुमारे २५० मीटर उंचीचा मनोरा, त्याच्याभोवती ७,४०० सपाट आरसे, १५० मेगावॅट, तीही साठवण सातेक तासांची. दोन्ही २०१८ साली सुरू झाले. नूर ४ ही साधी पॅनेलं, ७२ मेगावॅट. एकूण ५८२. पैसा आला जागतिक बँक, आफ्रिकन विकास बँक, जर्मनीची केएफडब्ल्यू, युरोपीय गुंतवणूक बँक अशांच्या सवलतीच्या कर्जांतून. पहिले तिन्ही प्रकल्प उभारले ते सौदीच्या एक्वा पॉवरच्या पुढाकाराने.

आता दर बघा. नूर १ ची वीज १.६२ दिरहॅमला युनिट, म्हणजे करार झाला त्या वेळच्या भावाने दहा रुपयांच्या आसपास. नूर २ आणि ३ साधारण १.४० दिरहॅमच्या जवळ. आणि नूर ४ ची पॅनेलं ०.४६! एकाच कुंपणात तिपटीचा फरक. मासेन ही वीज चढ्या दराने घेते आणि राष्ट्रीय वीज मंडळाला ०.८५ दिरहॅमला विकते. मधली खोट सरकार भरतं. मोरोक्कोच्याच आर्थिक, सामाजिक व पर्यावरण परिषदेने २०२० मध्ये हा तोटा वर्षाला सुमारे ८० कोटी दिरहॅम असल्याचं सांगितलं आणि हे तंत्र यापुढे नको अशी शिफारस केली.

एवढ्यावरून निकाल लावायला मी तयार नाही. मोरोक्कोत विजेची मागणी चढते ती सूर्य मावळल्यावर. नूर ४ तेव्हा बंद असतो. नूर २ आणि ३ तेव्हाही वीज देऊ शकतात. २०१२ साली, बॅटऱ्या आजच्या कित्येक पट महाग असताना, रात्री दहा वाजता सूर्याची वीज द्यायची तर दुसरा व्यवहार्य मार्ग नव्हता. संध्याकाळच्या विजेला जादा दर द्यावाच लागतो आणि तो देणं गैर नाही. गैर हे की तो जादा दर किती, तो कोण भरणार, आणि ज्यांची जमीन व पाणी गेलं त्यांच्या वाट्याला काय, हे सगळं एका 'हरित ऊर्जा' नावाच्या मोठ्या गाठोड्यात बांधून टाकलं. गाठोडं सोडून वेगळं मांडलं असतं तर लोकांनी आज त्याकडे फसलेला प्रयोग म्हणून पाहिलं नसतं.

जाणकारांनी भर घालावी. बाष्पक काका, तुमची वाट बघतोय.

---

पश्चिमवारा

वाचतोय. एक प्राथमिक शंका. पॅनेल आणि आरसे दोन्ही उन्हावरच चालतात, मग 'थेट ऊन' असं वेगळं का म्हणायचं? आणि युरोपला वीज जाते की नाही?

---

बाष्पक

माणदेशी, हाक मारलीत म्हणून लिहितो. पश्चिमवारा, आधी तुमची शंका.

ऊन दोन प्रकारे जमिनीवर पोचतं. एक सूर्याकडून सरळ रेषेत, दुसरं ढग, धूळ, धुरकं यांच्यावरून विखुरलेलं. पॅनेलला दोन्ही चालतं. आरशाला फक्त पहिलं चालतं, कारण विखुरलेला उजेड एका रेषेवर किंवा बिंदूवर आणताच येत नाही. म्हणून आकाश पांढुरकं दिसायला लागलं की पॅनेलची वीज थोडी उतरते आणि आरशांचा प्रकल्प चक्क बसतो. ही जागा निवडण्यातली पहिली परीक्षा. वारझाझात त्यात उत्तम गुणांनी पास आहे.

मी राजस्थानात एका पन्हाळी आरशांच्या प्रकल्पावर बॉयलर-टर्बाइन विभागात होतो. बाहेरून बघणाऱ्याला आरसे दिसतात. आत काम करणाऱ्याचा जीव नळीत अडकलेला असतो. साधारण ७० मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी, तिच्यावर ऊन शोषणारा काळा लेप, आणि भोवती काचेची दुसरी नळी. दोन्हींच्या मधे निर्वात पोकळी. अशी चार-चार मीटरची नळी एकापुढे एक जोडत किलोमीटरच्या किलोमीटर जाते. आतून तेल वाहतं, ते ३९० अंशांपर्यंत तापतं. काचेच्या टोकाला एक चंदेरी ठिपका असतो, नखाएवढा. तो पांढरा पडला की समजायचं, पोकळीत हवा शिरली. मग ती नळी उष्णता धरत नाही, बाहेर फेकते. सकाळी सायकलवरून रांगेच्या कडेने जात हे ठिपके बघत जाणं हे आमच्याकडच्या नव्या पोरांचं पहिलं काम असे.

हेच तेल १२ अंशांना गोठायला लागतं. जैसलमेरकडची जानेवारीतली रात्र चार-पाच अंशांवर जाते. म्हणजे वीज तयार होत नसतानाही रात्रभर पंप फिरवत तेल हलतं ठेवायचं, गरज पडली तर तापवायचं. ही वीज प्रकल्प स्वतःच खातो, जाहिरातीतल्या मेगावॅटमध्ये ती दिसत नाही.

आरसे धुणं हा वेगळाच संसार. वावटळ येऊन गेली की दुसऱ्या दिवशी उत्पादन पडलेलं असतं. धुवायचं रात्री, खनिजं काढलेल्या पाण्याने, ब्रशच्या गाड्या लावून. साध्या बोअरचं पाणी मारलं तर वाळल्यावर क्षारांचे डाग राहतात आणि ते धुळीपेक्षा वाईट.

मनोऱ्यात तेल नसतं. ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट असं मीठ थेट वर चढवतात. २९० अंशांवर वर जातं, ५६५ वर खाली येतं, गरम टाकीत साठतं. संध्याकाळी त्याच्यावर वाफ करायची. तापमान जास्त, म्हणून टर्बाइनची कार्यक्षमता जास्त. कागदावर मनोरा सरस आहे. टाकीबद्दल नंतर लिहितो, तो विषय मोठा आहे.

---

माणदेशी

काका, ठिपक्याची गोष्ट कुठल्याच अहवालात वाचली नव्हती. धन्यवाद.

पश्चिमवारा, युरोपला वीज पाठवायची कल्पना 'डेझर्टेक' नावाने २००९ च्या सुमारास जोरात होती. वारझाझातची वीज मात्र करारानुसार मोरोक्कोच्या राष्ट्रीय मंडळाकडे जाते, देशातच वापरली जाते.

---

अंकगणित

धागा चांगला आहे, पण माणदेशी साहेब निष्कर्षात मवाळ झालेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याच देशाचा अनुभव घ्या. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशनच्या पहिल्या फेरीत ४७० मेगावॅटचे सात सीएसपी (म्हणजे आरशांनी ऊन एकवटून वीज करणारे) प्रकल्प दिले. बोलीतले दर युनिटला १०.४९ ते १२.२४ रुपये. सातांपैकी उभे राहिले तीन: राजस्थानात नोख इथे ५० मेगावॅट, धुरसर इथे १२५, आणि आंध्रात अनंतपूरला ५०. बाकीचे अडकले. बोली लावताना कंपन्यांकडे होते उपग्रहावरून काढलेले उन्हाचे अंदाज. जमिनीवर मोजणारी केंद्रं देशभर उभारायला सुरुवात झाली ती नंतर. प्रत्यक्ष थेट ऊन कमी भरलं. तोवर पॅनेलचे भाव कोसळले. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भाडलाला पॅनेलच्या विजेचा दर २.४४ रुपये. साडेदहा कुठे आणि अडीच कुठे!

गरीब देशाने प्रयोगशाळा का व्हावं, हा माझा प्रश्न आहे. नवं तंत्र स्वस्त व्हावं म्हणून पहिले काही प्रकल्प तोट्यात चालवावे लागतात, मान्य. स्पेनने ते केलं, अमेरिकेने केलं. त्यांना परवडतं. मोरोक्कोच्या तिजोरीतून वर्षाला ८० कोटी दिरहॅम जातात तेव्हा ते कुठल्या तरी शाळेचे, दवाखान्याचे असतात. कर्ज सवलतीचं असलं तरी फेडायचं परकीय चलनात.

---

माणदेशी

अंकगणित, प्रश्न रास्त आहे. पण आपल्या तीन प्रकल्पांची आणि नूरची तुलना करताना एक फरक धरायला हवा. नोख, धुरसर, अनंतपूर, तिन्हींत साठवण नाही. म्हणजे ते पॅनेलच्याच वेळेत, पॅनेलचीच वीज, चौपट दराने देणार. तिथे हरणं ठरलेलंच होतं. सीएसपीचं सगळं बळ साठवणीत आहे आणि आपण तेवढाच भाग वगळून बोली मागवल्या. वगळला कारण निविदेत दर एकच होता. दुपारी बाराच्या आणि रात्री आठच्या युनिटला सारखाच पैसा असेल तर कोणता उद्योजक मिठाच्या टाक्या बांधेल?

दक्षिण आफ्रिकेने हे नीट केलं. २०१३ च्या तिसऱ्या फेरीत त्यांनी सीएसपीला दिवसा मूळ दर, संध्याकाळच्या पाच तासांत मूळ दराच्या २७० टक्के, आणि रात्री उशिरा काहीच नाही, असं ठरवलं. निविदेतल्या त्या एका अटीवरून प्रकल्पाचा आराखडाच बदलतो. किती तास साठवायचं, टर्बाइन केवढी घ्यायची, सकाळी मीठ तापवायचं की वीज विकायची, हे सगळं त्यावरून ठरतं. लोकांनाही कळतं की सरकार जादा पैसे मोजतंय ते नेमके कशाचे.

प्रयोगशाळेच्या मुद्द्यावर मात्र तुमच्याशी बराच सहमत आहे. तंत्र स्वस्त झाल्याचा फायदा साऱ्या जगाला मिळतो, तर त्या शिकवणीची फी कर्जाऐवजी अनुदानातून यायला हवी होती. नूर १ मध्ये सवलतीचा पैसा होता, पण तो मुख्यतः कर्जच होता.

---

रेवा_ना

माणदेशी दादा, तुमच्या गाठोड्यातला जमीन-पाण्याचा भाग थोडा सोडवून दाखवते. पाण्यावर काम करते, वारझाझात ज्या द्रा नदीच्या खोऱ्यात येतं त्याबद्दल बरंच वाचलं आहे.

जमीन. प्रकल्पाखाली गेलेलं जवळपास ३,००० हेक्टरचं पठार 'ऐत उक्रूर तुंदूत' या अमाझिग (बर्बर, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या) समूहाच्या सामूहिक मालकीचं होतं. सरकारी कागदांत ते 'पडीक, नापीक' ठरलं. प्रत्यक्षात तिथे चराई होती, सरपण होतं, वाटा होत्या. किंमत ठरली चौरस मीटरला १ दिरहॅम. म्हणजे एकराला चार हजार दिरहॅमच्या आसपास, एकदाच. तेही पैसे कुटुंबांच्या हातात गेले नाहीत. सामूहिक जमीन असल्याने ते एका निधीत गेले आणि त्यातून परिसरात कामं झाली. रस्ते, शाळा, पाणी अशी कामं जी सरकारने एरवीही करायचीच असतात. आपल्याकडे गायरानाचं जे होतं तेच. सातबारावर कोणाचंच नाव नसलं की जमीन कोणाचीच नाही असं धरून चालतात.

पाणी. नूर १ मध्ये वाफ थंड करायला पाणी वापरतात. वर्षाला अंदाजे १७ लाख घनमीटर, म्हणजे आपल्या भाषेत ०.०६ टीएमसी. मन्सूर एद्दाहबी धरणातून ते उचलतात. आकडा धरणाच्या मानाने लहान आहे, हे मान्य करूनच पुढचं लिहिते. हे धरण १९७२ चं, आणि त्याच्या खाली द्रा नदीच्या काठाने झागोरा शहरापर्यंत आणि त्याही पुढे वाळवंटाच्या तोंडापर्यंत खजुराच्या बागांची रांग आहे. त्या बागा धरणातून सोडलेल्या आवर्तनावर जगतात. दुष्काळात आवर्तनं कमी होतात. २०१७ मध्ये झागोरात लोक प्यायच्या पाण्यासाठी रस्त्यावर आले होते. तिथला मुख्य दोषी कलिंगड आहे, सौर प्रकल्प नाही. निर्यातीसाठी बोअर मारून केलेली कलिंगडं, ज्यांच्यावर पुढे निर्बंध घालावे लागले. मराठवाड्यातल्या वाचकाला ऊस आठवेल. पण शेतकऱ्याचं आवर्तन चुकतं आणि प्रकल्पाचा पंप चालू राहतो, हे दृश्य आकड्याने पुसलं जात नाही.

चांगली गोष्ट ही की नूर २ आणि ३ ला हवेने थंड करायची पद्धत घेतली. त्यात थोडी वीज कमी मिळते, खर्च वाढतो, पाणी मात्र पुष्कळ वाचतं. हे पहिल्याच टप्प्यात का नाही केलं, याचं उत्तर दरात आहे. पाण्याला भाव नव्हता, विजेला होता.

---

बाष्पक

रेवाताई, अगदी बरोबर. भर उन्हाळ्यात बाहेर ४२ अंश असताना हवेने थंड करायचं म्हणजे टर्बाइनला दम लागतो, कारण मागच्या बाजूला निर्वात नीट धरत नाही. पण वाळवंटात दुसरा पर्याय ठेवूच नये. निविदेत 'कोरडं शीतकरण बंधनकारक' एवढे तीन शब्द पुरतात.

---

काळी_माती

जमिनीच्या भावाबद्दल. आमच्या भागात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीसाठी जमिनी घेताहेत. विक्री नाही, भाडेपट्टा. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी ३ टक्के वाढ, मालकी शेतकऱ्याकडेच. त्यातही कटकटी आहेत, कोणाला पैसे वेळेवर नाहीत, कोणाच्या बांधाचा वाद. तरी तिकडचं 'एकराला चार हजार, एकदाच' वाचून पोटात कालवलं. पंचवीस वर्षं आरसे तिथे असणार आणि चराई गेली ती गेलीच.

---

रेवा_ना

म्हणूनच दक्षिण आफ्रिकेतलं काशू सोलर वन मला महत्त्वाचं वाटतं. नॉर्दर्न केपमध्ये पोफाडरजवळ, १०० मेगावॅट, २०१५ पासून चालू. त्यात सुरुवातीपासून २० टक्के हिस्सा स्थानिक समुदायाच्या विश्वस्त निधीचा होता. भागभांडवल! त्या हिश्शाचा लाभ लोकांपर्यंत किती आणि कसा पोचतो यावर चर्चा होऊ शकते, व्हायलाही हवी. पण एकदाच दिलेली किंमत आणि दरवर्षीचा हिस्सा यांत पिढीचा फरक पडतो.

रोजगाराचं म्हणाल तर वारझाझातलाही तेच झालं जे सगळीकडे होतं. बांधकामाच्या काळात हजारो, नंतर मोजके. लोखंडी सांगाडे, केबल, सिव्हिल कामं मोरोक्कोतल्या कंपन्यांना मिळाली ही जमेची बाजू. गावातल्या बायकांना मात्र बांधकामातसुद्धा काम जवळपास नव्हतंच, आणि सरपण-चाऱ्यासाठी पठारावर सर्वांत जास्त जाणाऱ्या त्याच.

---

चष्मेबद्दूर_नाशिक

उत्तम चर्चा. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

काका, टाकीचं राहिलं.

---

बाष्पक

हो, लिहायला बसलो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नूर ३ ची गरम मिठाची टाकी गळली. एक्वा पॉवर कंपनीने शेअर बाजाराला जे कळवलं त्यात प्रकल्प नोव्हेंबरपर्यंत बंद राहील आणि सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलरचा फटका बसेल असा अंदाज होता. अशी घटना जगात पहिली नाही. अमेरिकेत नेवाडामधल्या क्रेसंट ड्यून्सची टाकीही २०१६ मध्ये गळली होती आणि तो प्रकल्प त्यातून कधीच नीट सावरला नाही.

कारण समजायला सोपं आहे, उपाय अवघड. टाकीचा तळ म्हणजे पातळ स्टेनलेस पत्रे वेल्ड करून केलेली मोठी थाळी. वर हजारो टन मीठ. ही थाळी गरम झाली की पसरते, निवली की आक्रसते. पण वरचं वजन आणि खालच्या पायाचं घर्षण तिला मोकळेपणाने सरकू देत नाही. त्यात ढग आले, आरसे बाजूला केले, परत लावले, की टाकीत येणारं मीठ कधी ५६५ अंश, कधी बरंच कमी. ते तळाशी सारखं मिसळत नाही. तळाचा एक भाग गरम, शेजारचा थंड. पत्रा कुठेतरी उचलला जातो, वेल्डच्या कडेला चीर जाते. आणि चीर कुठे आहे हे बघायला आधी टाकी रिकामी करून, थंड करून आत उतरावं लागतं. यात आठवडे जातात. मीठ २४० अंशांच्या खाली घट्ट व्हायला लागतं, त्यामुळे रिकामं करणंसुद्धा घाईचं काम नाही.

यावर माझं मत असं. मीठ साठवण हे तंत्र टाकाऊ नाही. पन्हाळी प्रकल्पांत, जिथे गरम टाकी ३८५ अंशांच्या आसपास असते, ती स्पेनमध्ये वर्षानुवर्षं नीट चालली आहे. मनोऱ्यात १८० अंश वाढवले आणि टाकी मात्र जवळपास त्याच पद्धतीची बांधली, तिथे दुखणं आहे. आणि एकच गरम टाकी ठेवली! दोन लहान टाक्या ठेवल्या असत्या तर एक गळली तरी अर्धा प्रकल्प चालला असता. खर्च वाचवला तो एका गळतीत गेला. आम्ही साध्या साखर कारखान्यातसुद्धा बॉयलरला पाणी देणारा फीड पंप एकाला एक जादा उभा ठेवतो.

दुरुस्तीचा दुसरा प्रश्न माणसांचा. असं वेल्डिंग करणारे, तपासणारे, मिठाची वागणूक ओळखणारे लोक जगात थोडे आहेत. मागास भागात प्रकल्प उभारताना यंत्रं बोटीने येतात, माणसं तिथेच घडवावी लागतात, आणि त्याला दहा वर्षं लागतात. प्रशिक्षणाचा पैसा अंदाजपत्रकात सर्वांत आधी कापला जातो हे मी अनेकदा पाहिलंय.

---

अंकगणित

बाष्पक काका, प्रतिसाद जपून ठेवला आहे.

माझा मुद्दा आता आणखी पक्का झाला. २०२४ मध्ये आपल्याकडे पॅनेल अधिक बॅटरी अशा निविदांत साडेतीन रुपयांच्या आसपास दर आले. त्यात संध्याकाळचे दोन-चार तास धरलेले आहेत. बॅटरी कंटेनरमध्ये येते, एक बिघडली तर एक बदलता येते, अख्खा प्रकल्प वर्षभर बंद राहत नाही. मोरोक्कोतही मिडेल्टचा पुढचा मोठा प्रकल्प सीएसपी आणि पॅनेल एकत्र करून २०१९ मध्ये दिला होता, तो लांबतच गेला. नव्याने कोणी गरीब देश आज सीएसपी करत असेल तर मी त्याला थांबवेन.

---

माणदेशी

दोन ते चार तासांसाठी तुमचं म्हणणं मला मान्य आहे. रात्रभराची वीज हवी असेल, दहा-बारा तास, तर चित्र अजून पूर्ण एकतर्फी नाही. चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या सेरो डोमिनाडोर प्रकल्पात साडेसतरा तासांची साठवण आहे. दुबईत ७०० मेगावॅटचा सीएसपी ७.३ सेंटला ठरला. अर्थात दोन्हीकडे भांडवल स्वस्त किंवा ऊन असामान्य, किंवा दोन्ही. प्रत्येक देशाला ते साधेल असं नाही.

मोरोक्कोत अजूनही निम्म्याहून जास्त वीज कोळशावर होते आणि कोळशाला पर्याय शोधणं ही मुख्यतः रात्रीची अडचण आहे. म्हणून निविदेत तंत्राचं नावच घालू नये असं मला वाटतं. 'संध्याकाळी सहा ते रात्री बारा इतकी वीज हवी, पाणी इतकंच मिळेल, स्थानिक हिस्सा इतका द्यावा लागेल, बंद राहिलात तर दंड इतका' एवढं लिहावं. बॅटरी येऊ दे नाहीतर मीठ. नूरच्या वेळी तंत्र आधी ठरलं आणि गरज त्याच्याभोवती मांडली गेली.

---

टॉवेलवाला

सोलापूरहून. धागा सगळा वाचला. आमचं छोटं डाइंग युनिट आहे, बॉयलरवर लाकूड आणि ब्रिकेट जाळतो. महाराष्ट्रात असं आरशाचं काही चालतं का? वीज नको, वाफच हवी आहे.

---

बाष्पक

टॉवेलवाला, तुम्ही मोलाचा प्रश्न विचारलात. महाराष्ट्रात विजेसाठी मोठा सीएसपी मी सुचवणार नाही. पावसाळ्याचे चार महिने ढग आणि बाकी दिवसांत धुरकं. पण वाफेसाठी आपल्याकडे पूर्वीपासून काम झालेलं आहे. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ पासून आरशांच्या ७३ तबकड्या आहेत, त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक होतो. लातूरच्या महानंद डेअरीत 'अरुण' नावाची १६० चौरस मीटरची एकच मोठी तबकडी २००६ मध्ये लावली होती, दूध पाश्चराइज करण्यासाठी. आयआयटी मुंबईचे प्रा. शिरीष केदारे त्यामागे होते. अबू रोडला ब्रह्माकुमारींच्या 'इंडिया वन' प्रकल्पात ७७० तबकड्या आहेत आणि तिथे उष्णता साठवायला मिठाऐवजी बिडाचे ओतीव गोळे वापरलेत. म्हणजे गळायला काही नाहीच.

डाइंगला तुम्हाला दीडशे अंशांच्या आसपासची वाफ लागत असणार. वीज करायची म्हणजे त्या उष्णतेचा बराच भाग टर्बाइनच्या मागे हवेत सोडावा लागतो. तुम्ही ती थेट वापरणार, त्यामुळे हिशेब तुमच्या बाजूने बराच झुकतो. बॉयलर काढायचा नाही. सौर वाफ त्याच्या आधी जोडायची, ढग आले की बॉयलर सांभाळेल.

विक्रेत्याला बोलावण्याआधी तीन गोष्टी करा. महिन्यागणिक ब्रिकेटचा खप वहीत लिहायला लागा, किलोत, रुपयांत नाही. पत्र्याच्या छताचे ट्रस किती वजन पेलतात ते इंजिनिअरकडून तपासून घ्या, तबकड्यांना वाऱ्याचा जोर बसतो. आणि शेजारच्या चिमणीचा धूर दिवसा कोणत्या बाजूला जातो ते बघा. सोलापुरात आरसे काळे व्हायला धुळीपेक्षा तेच जास्त कारण ठरेल.

---

टॉवेलवाला

चिमणी पश्चिमेला आहे, दुपारनंतर धूर सरळ आमच्या छतावर येतो. खपाची वही आजपासून सुरू करतो काका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

---

बाष्पक

जरूर करा. छताचा नकाशा असेल तर सोबत जोडा, उत्तर दिशा दाखवून.